शून्याखाली काय?

आमच्या प्रयोगशाळेत एक जुना डीप फ्रीझर आहे. त्यात विकरांचे, म्हणजे एन्झाइम्सचे, नमुने उणे १८ अंश सेल्सियसला ठेवलेले असतात. रात्री वीज गेली आणि सकाळपर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही, तर कित्येक महिन्यांचे काम वाया जाते. म्हणून आम्ही ठरवले की फ्रीझरमध्ये तापमानाचा एक संवेदक बसवायचा, तो एका लहानशा संगणकाला जोडायचा आणि तापमान उणे १० च्या वर चढले की घंटा वाजवायची.

संवेदक मिळाला. आकाराने मोहरीच्या दाण्याहून जरासा मोठा. संगणकही मिळाला; तळहातावर मावेल एवढा आणि लिनक्स या प्रणालीवर चालणारा. अडचण एकच होती. लिनक्सला हा संवेदक वाचता येत नव्हता. त्याच्यासाठी लागणारा ड्रायव्हर कोणी लिहिलेलाच नव्हता.

मी रसायनशास्त्राची. आकडेमोडीपुरते प्रोग्राम लिहिण्याची सवय होती, पण संगणकप्रणालीच्या पोटात कधी हात घातला नव्हता. चाळिशी उलटल्यावर मी या कामात नवखी म्हणून शिरले. पुस्तके वाचली, इतरांचे ड्रायव्हर वाचले आणि तीन आठवडे खपून एक ड्रायव्हर लिहिला. मग शाळेत शिकवतात त्याप्रमाणे दोन स्थिर बिंदूंवर तो तपासला. संवेदक नळीत बंद करून वितळत्या बर्फात धरला, तेव्हा वाचन आले ०.२ अंश. उकळत्या पाण्यात धरला, तेव्हा ९८ च्या आसपास. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंच असल्याने इथे पाणी १०० अंशांच्या थोडे आधीच उकळते. म्हणजे दोन्ही टोके बरोबर! मी समाधानाने ते काम लिनक्सच्या परीक्षकांकडे पाठवून दिले.

दोन दिवसांनी एका परदेशी परीक्षकाचे उत्तर आले. त्यांनी हा संवेदक कधी हातातही धरला नव्हता. त्यांनी फक्त मी लिहिलेल्या ओळी वाचल्या होत्या. त्यांचा एकच प्रश्न होता: तापमान शून्याखाली गेले तर काय होईल?

या प्रश्नाचे उत्तर काय निघाले ते पुढे सांगते. ते समजण्यासाठी आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते पाहू या.

गाभा आणि दुभाषे

संगणकात एका वेळी अनेक प्रोग्राम चालू असतात. स्मृती कोणाला किती द्यायची, प्रोसेसरचा वेळ कोणाला कधी द्यायचा, कळफलक, पडदा, चकती यांच्याशी कोणी बोलायचे, हे सारे ठरवणारा जो मधला भाग, त्याला कर्नल म्हणतात. हा कर्नल लष्करातला नव्हे. बदामाचे कवच फोडल्यावर आत जो गर मिळतो, त्या अर्थाचा हा शब्द आहे.

लिनक्स हा असाच एक कर्नल. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठातला लिनस टोर्वाल्ड्स हा २१ वर्षांचा विद्यार्थी १९९१ साली तो लिहू लागला. १९९२ साली त्याने तो अशा परवान्याखाली खुला केला, की कोणीही तो वाचावा, बदलावा, वाटावा. अट एवढीच की बदललेला कर्नल दुसऱ्याला देताना त्याचा मूळ मजकूरही त्याच अटींवर खुला द्यावा. आज लिनक्सचा मजकूर सुमारे चार कोटी ओळींचा झाला आहे. अँड्रॉइडचे प्रत्येक मोबाइल यंत्र याच कर्नलवर चालते.

या चार कोटी ओळींपैकी निम्म्याहून अधिक ओळी ड्रायव्हरच्या आहेत. जगात हजारो प्रकारची उपकरणे आहेत आणि प्रत्येकाची बोली वेगळी आहे. ड्रायव्हर हा त्या उपकरणाचा दुभाषा. एका बाजूला त्याला उपकरणाची बोली येते, दुसऱ्या बाजूला कर्नलची प्रमाणभाषा.

संवेदकांसाठी ही प्रमाणभाषा ठरवण्याचे काम जोनाथन कॅमेरॉन यांनी सुरू केले. त्यांनी बांधलेला विभाग २००९ साली लिनक्समध्ये आला. 'इंडस्ट्रियल आय-ओ' हे त्याचे नाव. या विभागात प्रत्येक राशीचे एकक ठरलेले आहे. तापमान अंशाच्या हजाराव्या भागात, म्हणजे मिलिअंशात, द्यायचे. दाब किलोपास्कलमध्ये, त्वरण मीटर प्रति सेकंद वर्गात, कोनीय वेग रेडियन प्रति सेकंदात. संवेदक कोणत्याही कंपनीचा असो, ड्रायव्हरने याच एककांत बोलले पाहिजे.

आपण उत्तरपत्रिकेत एकक न लिहिल्याबद्दल अर्धा गुण कापतो, तेव्हा मुलांना ते जाचक वाटते. त्यांना 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' या अमेरिकी यानाची गोष्ट जरूर सांगावी. एका प्रोग्रामने आवेगाचे आकडे पौंड-सेकंदात दिले, दुसऱ्याने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. दोन्ही प्रोग्राम आपापल्या परीने बरोबर होते. यान मात्र २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ नाहीसे झाले.

संवेदक काय सांगतो?

माझा संवेदक तापमान अंशांत सांगत नाही. तो सांगतो दोन बाइट्स, म्हणजे ० ते २५५ यांमधील दोन संख्या. समजा त्याने १२ आणि १२८ या संख्या पाठवल्या. पहिली संख्या २५६च्या स्थानाची आहे आणि दुसरी एककस्थानाची. म्हणजे १२ × २५६ + १२८ = ३२००. या संवेदकाची एक पायरी अंशाच्या १२८व्या भागाएवढी असते. ३२०० भागिले १२८ म्हणजे २५ अंश. झाले तापमान!

दिसायला सोपे आहे. पण या छोट्या गणितात चुकण्याच्या निदान तीन जागा आहेत.

पहिली जागा क्रमाची. आपण मराठीत 'पंचवीस' म्हणतो, तेव्हा पाच आधी आणि वीस नंतर उच्चारतो. इंग्रजीत वीस आधी आणि पाच नंतर. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस पाच' अशी वाचनाची जोड आल्यावर केवढी चर्चा झाली, हे शिक्षकांना आठवत असेल. संगणकांच्या जगातही हे दोन संप्रदाय आहेत. माझा संवेदक मोठ्या स्थानाचा बाइट आधी पाठवतो. ज्या रीतीने मी तो वाचत होते, त्या रीतीत लहान स्थानाचा बाइट आधी येतो असे धरलेले असते. दोहोंची अदलाबदल करायला विसरले तर १२८ × २५६ + १२ = ३२७८० होतात आणि २५ ऐवजी २५६ अंश दिसतात! ही चूक मी पहिल्याच दिवशी केली. पण ती इतकी धडधडीत होती की लगेच सापडली.

दुसरी जागा अपूर्णांकाची. कर्नलमध्ये दशांश चिन्हाची गणिते सहसा करत नाहीत. प्रोसेसरमधला दशांश गणिताचा भाग चालू प्रोग्रामच्या कामात गुंतलेला असतो. कर्नलने मध्येच तो वापरला तर त्या प्रोग्रामचे अर्धवट गणित विस्कटेल. म्हणून ड्रायव्हर भागाकार करतच नाही. तो ३२०० हा कच्चा आकडा एका ठिकाणी ठेवतो आणि '७.८१२५ ने गुणा' हे दुसऱ्या ठिकाणी. तेही दोन पूर्णांकांत सांगतो: ७, आणि त्यापुढे ८१२५०० दशलक्षांश. अंशाचा १२८वा भाग म्हणजे ७.८१२५ मिलिअंश, हे आपण कागदावर ताडून पाहू शकता. मोजलेले मूल्य आणि गुणक वेगळे ठेवण्याची ही शिस्त मला फार आवडली. प्रयोगवहीतही आपण कच्ची नोंद खोडत नाही.

तिसरी जागा ऋण संख्यांची. माझी खरी फजिती तिथेच झाली.

मागे फिरलेला आकडा

दोन बाइट्समध्ये ० ते ६५५३५ या संख्या मावतात. यात उणे १ कसा लिहायचा? जुन्या स्कूटरवरचा किलोमीटर मोजणारा आकडा आठवा. तो ००००० वर असताना एक घर मागे फिरवला तर काय दिसेल? ९९९९९. म्हणजे ९९९९९ हेच 'उणे १'चे सोंग. संगणक हीच युक्ती वापरतो. शून्याच्या एक पायरी खाली गेले की ६५५३५ येतात, दोन पायऱ्या खाली ६५५३४. करार असा की ३२७६७ पर्यंतच्या संख्या धन समजायच्या आणि त्यापुढच्या संख्यांतून ६५५३६ वजा करायचे.

ही वजाबाकी करायला मी विसरले होते. परीक्षकांचा प्रश्न वाचून मी स्वयंपाकघरात गेले. बर्फ फोडून त्यात मूठभर मीठ घातले. कुल्फीवाल्याची ही युक्ती सर्वांना ठाऊक आहे. मीठ-बर्फाचे मिश्रण शून्याखाली पार उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकते. नळी त्यात बुडवली आणि पडद्याकडे पाहत बसले. ३ अंश, २, १, अर्धा, आणि एकदम ५११.९९! त्यानंतर ५११, ५१०, ५०९ असे आकडे संथपणे उतरू लागले. ६५५३५ भागिले १२८ करून पाहा, ५११.९९ च येतात.

उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये हाच ड्रायव्हर ४९४ अंश दाखवणार होता. आमची घंटा पहिल्या मिनिटापासून वाजत राहिली असती. मग काय झाले असते? कोणीतरी वैतागून तिची तार काढून टाकली असती.

माझी तपासणी दोन्ही स्थिर बिंदूंवर उतरली होती, पण मी शून्यापर्यंत जाऊन थांबले होते. ज्या शहरात थंडीतही पारा शून्याला टेकत नाही, तिथल्या माणसाला शून्याखालचा विचार आपसूक सुचत नाही. मला तर फ्रीझरसाठीच ड्रायव्हर हवा होता, आणि तरीही सुचले नाही. आपल्याला काय सुचत नाही हे आपल्यालाच कळावे, असा काही उपाय नसतो. म्हणून दुसऱ्याची नजर लागते.

दुसरी चूक, जी अधिक वाईट होती

मी दुरुस्ती करून दुसरी प्रत पाठवली. या वेळी दुसऱ्या एका परीक्षकांनी विचारले, की वाचन फसले तर काय? संवेदकाची तार निसटली तर कर्नलमधील वाचन करणारे फलन तापमानाऐवजी एक ऋण संख्या परत देते. तो चुकीचा सांकेतिक क्रमांक असतो. उदाहरणार्थ, उणे ६ म्हणजे 'असे उपकरण इथे नाही'. मी हा क्रमांक तपासतच नव्हते. माझा ड्रायव्हर उणे ६ ला मुकाट्याने १२८व्या भागाने गुणून तापमान म्हणून पुढे पाठवत होता. ते होते उणे ०.०५ अंश.

विचार करा. ४९४ अंश पाहून कोणीही म्हणेल की काहीतरी बिघडले आहे. पण उणे ०.०५ हा आकडा किती सभ्य दिसतो! लसी साठवण्याच्या शीतकपाटात २ ते ८ अंश तापमान राखायचे असते. तिथे असा ड्रायव्हर असता, तर निसटलेली तार 'लसी गोठल्या' असे सांगत राहिली असती आणि कोणीतरी चांगल्या लसी फेकून दिल्या असत्या. न मोजलेली गोष्ट मोजल्यासारखी दाखवणे हा मापनातला सर्वांत मोठा अपराध. वाचन मिळाले नसेल तर 'मिळाले नाही' असेच सांगितले पाहिजे. दुरुस्तीला तीन ओळी पुरल्या.

वाट कशी असते?

लिनक्समध्ये भर घालू इच्छिणारा आपला बदल 'पॅच', म्हणजे ठिगळ, या रूपात साध्या ईमेलने पाठवतो. कोणत्या ओळी काढल्या, कोणत्या घातल्या, एवढेच त्यात असते. पण त्याआधी एक टिपण लागते: हा बदल कशासाठी? टिपण नीट नसेल तर चांगला बदलही परत येतो. शेवटी एक सही. हे काम माझे आहे किंवा ते देण्याचा मला अधिकार आहे, अशी ती हमी असते. मालकीहक्काचे दावे न्यायालयात गेल्यानंतर २००४ साली ही सहीची पद्धत आली.

हा पत्रव्यवहार सर्वांना खुला असतो. परीक्षक शंका काढतात, लेखक दुसरी प्रत, तिसरी प्रत पाठवतो आणि प्रत्येक प्रतीत काय बदलले ते लिहितो. समाधान झाले की त्या विभागाचे पालक ते ठिगळ आपल्या शाखेत घेतात. तिथून ते वरच्या पालकांकडे आणि शेवटी टोर्वाल्ड्स यांच्याकडे जाते. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते. त्यातले पहिले दोन आठवडे नवे काम आत घ्यायचे. उरलेला वेळ फक्त चुका शोधण्याचा. प्रत्येक आवृत्तीत दीड-दोन हजार लोकांचा हात असतो आणि त्यांतले दोनशेहून अधिक प्रथमच आलेले असतात. त्यांत विद्यार्थीही असतात. पदवी, वय, हुद्दा कोणी विचारत नाही. मलाही कोणी विचारले नाही. खरे सांगायचे तर प्रारंभी ते थोडे लागले!

कोणी म्हणेल, ड्रायव्हर स्वतःच्या संगणकापुरता ठेवला असता तर काय बिघडले असते? दोन गोष्टी बिघडल्या असत्या. पहिली, कर्नलची आतली रचना सतत बदलत असते. जो ड्रायव्हर मूळ मजकुरात आहे, तो रचना बदलणारा माणूसच सोबत बदलून देतो. घरी ठेवलेला ड्रायव्हर मागे पडतो आणि एक दिवस चालेनासा होतो. दुसरी गोष्ट आपण पाहिलीच. माझ्या त्या दोन्ही चुका घरीच राहिल्या असत्या.

या पद्धतीत सारे आलबेल आहे असे मात्र नाही. परीक्षक थोडे आणि काम फार, त्यामुळे कधी आठवडेच्या आठवडे उत्तर येत नाही. सारा व्यवहार इंग्रजीत चालतो. आपल्याकडील मुलांना ती भिंत वाटते. चुका सुटतातही. पण सुटलेली चूक सापडली की तिची दुरुस्ती त्याच वाटेने येते, आणि ही चूक कोणत्या ठिगळात शिरली होती हेही त्या दुरुस्तीत नोंदलेले असते.

माझा ड्रायव्हर चौथ्या प्रतीत स्वीकारला गेला. पहिल्या तीन प्रती, त्यांतल्या चुका आणि त्यांवरचे प्रश्न आजही कोणालाही वाचता येतात. आधी मला याची लाज वाटत असे. आता वाटत नाही. पुढे येणाऱ्या नवख्याला माझ्या शेवटच्या प्रतीपेक्षा पहिली प्रत अधिक उपयोगी पडेल.

वर्गात करून पाहा

यासाठी संगणक लागत नाही. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्यांवर ० ते ९ लिहून स्कूटरसारखा आकडा तयार करा. ०००० वरून मागे फिरवा. ९९९९ ला उणे १, ९९९८ ला उणे २ म्हणा. आता ०००५ मध्ये ९९९८ मिळवा. बेरीज १०००३ येते, पण पाचव्या घराला पट्टीच नाही. उरतात ०००३, म्हणजे ५ वजा २! संगणक वजाबाकी अशीच, बेरजेने करतो.

मग मुलांना गटांत बसवा. एका गटाने तापमान मोजण्याच्या पायऱ्या कागदावर लिहाव्यात. दुसऱ्या गटाने तापमापीला हात न लावता, केवळ त्या पायऱ्या वाचून प्रश्न काढावेत. बर्फात मीठ असेल तर? तापमापी फुटलेली असेल तर? पहिल्या गटाने कागद न खोडता त्याखाली दुसरी प्रत लिहावी. गुण द्यायचे झाले तर चांगल्या प्रश्नालाही द्यावेत.

आमच्या फ्रीझरवरची घंटा गेल्या पावसाळ्यात एकदा वाजली, रात्री पावणेतीनला. वीज गेली होती. पहारेकऱ्याने फोन केला, आम्ही नमुने दुसऱ्या फ्रीझरमध्ये हलवले आणि सकाळी नेहमीसारखे कामाला लागलो. पडद्यावर तेव्हा उणे ९.८ होते. वजाबाकी बरोबर झाली होती.